सिलेक्ट लाइन साहेबांकडे

डोंबिवलीच्या एमआयडीसीत नोकरीला लागलो त्या दिवशी मला तीन वस्तू मिळाल्या: एक कुलूप नसलेलं कपाट, एक ओळखपत्र आणि एक आकडा. पाच. ओळखपत्रावर माझं नाव होतं, पण ते वॉचमनपुरतं. आत साहेबांच्या राज्यात मी पाच होतो, आणि पाच म्हणजे सहावा, कारण साहेब शून्यापासून मोजत.

साहेब म्हणजे आमचे टेक्निकल हेड. नाव सांगत नाही. माणूस अजून इथल्याच निवासी विभागात राहतो, सकाळी फिरायला जातो, आणि हे वाचून त्याला आपली स्तुती झाली असंच वाटेल. तो आनंद मला त्याला द्यायचा नाही.

आमचा कारखाना छोटा. लिफ्टची इलेक्ट्रॉनिक कार्डं करणारा. कुठल्या मजल्यावर बटण दाबलं, लिफ्ट कुठे आहे, दार उघडायचं की नाही, हे सगळं त्या हातभर कार्डावर ठरतं. मी खरेदी विभागात. विभाग म्हणजे मीच. मला इलेक्ट्रॉनिक्स येत नव्हतं, पण वीस वर्षं एका धंद्याचे सुटे भाग विकत घेतले की माणसाला त्यातलं थोडंफार कळू लागतं.

तर मल्टिप्लेक्सर. धंद्यातले लोक त्याला मक्स म्हणतात. नखाएवढी काळी चिप, दोन्ही बाजूंना पाय. आठ तारा आत येतात, एकच बाहेर जाते. आठांपैकी कोणाचा संदेश बाहेर जाणार, हे आणखी तीन तारा ठरवतात, त्या सिलेक्ट लाइन. बाकीच्या सात तारांवर कोणी कितीही आकांत करो, बाहेर चिटपाखराला कळत नाही. बिचारी चिप निमूटपणे आपलं काम करते. साहेबांना मात्र तिच्यात विश्वरूपदर्शन झालं.

"जगातल्या सगळ्या भांडणांचं कारण एकच आहे," ते म्हणत, "एका तारेवर दोघं बोलतात. सिलेक्ट नाही हो! सिलेक्ट करणारा नाही!" आणि मग शर्ट खालून ओढून त्याची इस्त्री सरळ करत. सिलेक्ट करणारा समोर उभा आहे, हे आपल्याला कळावं म्हणून.

हे तत्त्वज्ञान त्यांनी घरीही लावलं होतं. सत्यनारायणाला आम्हाला बोलावलं तेव्हा मी ते डोळ्यांनी पाहिलं. पाणी कमी येतं म्हणून साहेबांनी गच्चीच्या टाकीपासून घरभर कॉक बसवून घेतले होते. बैठकीच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीशेजारी, भिंतीवर त्यांचं पॅनेल. एका वेळी एकच नळ. पोथीचा चौथा अध्याय रंगात आला होता आणि आतून वहिनींचा आवाज आला, "अहो! सिलेक्ट करा! साबण लागलाय डोळ्यांना!"

साहेबांनी हात जोडलेलेच ठेवून सांगितलं, "थांब, आत्ता स्वयंपाकघराचा टर्न आहे."

"मेला तुमचा टर्न!" आतून बादली आपटल्याचा आवाज. भटजी क्षणभर थांबले, मग साधुवाण्याची नाव त्यांनी जरा घाईनेच बुडवली.

आमच्यातला तीन नंबर, सर्किट काढणारा हुशार मुलगा, बटाट्याची भाजी खाता खाता म्हणाला, "सर, पण हा मक्स नाही ना? एक टाकी, आठ नळ. हे उलटं झालं. डीमक्स."

साहेबांनी त्याच्या पानात आणखी शिरा वाढायला सांगितला. त्यानंतर एक महिना तीन नंबरला मीटिंगमध्ये बोलायला मिळालं नाही.

आता मीटिंगबद्दल सांगतो. पुढचं सगळं त्यावर आहे.

साहेबांच्या लॅबमध्ये मधोमध एक टेबल होतं, भोवती आठ खुर्च्या. प्रत्येक खुर्चीसमोर टेबलात बसवलेलं एक बटण आणि एक हिरवा दिवा. साहेबांसमोर एक पेटी, तिच्यावर तीन टॉगल स्विच आणि एक बझर. पेटीत अर्थातच मक्स. साहेब टॉगल खालीवर करून एक नंबर निवडत. त्या नंबरचा दिवा लागे. मग त्या माणसाने बटण दाबायचं, साहेबांच्या पेटीतला बझर वाजायचा, साहेब म्हणायचे, "बोला." की बोलायचं.

तुम्हाला बोलायचंय म्हणून तुम्ही बटण दाबलंत, तर बझर वाजत नसे. आधी साहेबांनी तुम्हाला निवडायला हवं. थोडक्यात, तुम्हाला काही सांगायचंय हे साहेबांना तेव्हाच कळणार, जेव्हा तुम्हाला काही सांगायचं असेल असं साहेबांना वाटेल. खोली बारा बाय चौदा. माणसं एकमेकांच्या गुडघ्याला गुडघे लावून बसलेली. पण दिवा नसताना तोंड उघडलं, की साहेब कानामागे हात नेऊन म्हणायचे, "सिग्नल येत नाहीये." हा प्रयोग मी सलग चार वर्षं फुकट पाहिला. ज्यांना नाटकाची तिकिटं काढावी लागतात त्यांची मला कीव येते.

मालकांना त्यांनी शून्य नंबर दिला होता. मालक पहिल्या दिवशी दचकले, "मी झीरो?"

"मोजणी तिथूनच सुरू होते, मालक. आपल्याआधी कोणी नाही."

मालक खूश. मालक तसे सज्जन, पण इलेक्ट्रॉनिक्स त्यांना तेवढंच येत होतं जेवढं साहेब सांगत, आणि साहेब तेवढंच सांगत जेवढं इतरांनी साहेबांना सांगितलेलं असे. तीन नंबर सर्किट काढायचा, दोन नंबर प्रोग्रॅम लिहायची, पण मालकांपुढे जाताना ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सही एकच. "माझं नवीन डिझाइन." आठांचं आत, एकाचं बाहेर. या बाबतीत चिपने साहेबांकडून शिकावं.

सात नंबरची खुर्ची रिकामी असे. त्याचंही शास्त्र होतं. "मक्सचं न वापरलेलं इनपुट कधी लोंबकळत ठेवायचं नाही," साहेब बजावत. "हवेत सोडलेली तार कधी हो म्हणेल, कधी नाही म्हणेल, देवालाही सांगता येणार नाही. ती जमिनीला बांधून टाकायची. कायमची शून्य!" म्हणून सात नंबरची तार त्यांनी स्वतः ग्राउंडला जोडून टाकली होती. तिथलं बटण नुसतं शोभेचं. सांगतात ते शंभर टक्के बरोबर होतं, हे मला नंतर तीन नंबरने सांगितलं. साहेबांना नियम सगळे पाठ होते. फक्त ते दुसऱ्यांसाठी आहेत अशी त्यांची समजूत होती.

लॅबमध्ये जायचं तर चपला बाहेर. अंगातली स्थिर वीज चिपांना लागू नये म्हणून मनगटाला पट्टा बांधायचा. दारावर पाटी: "पॉलिस्टर घालून आत येऊ नये." खाली सोल्डरिंगला बसणाऱ्या बायकांच्या साड्या सगळ्या पॉलिस्टरच्या, म्हणजे त्यांना दार बंद. साहेब स्वतः मालकांच्या वाढदिवसाला जो चकचकीत सफारी घालत, तो कापसाच्या शेतातून आला नव्हता. पण पाटी त्यांनी लिहिली होती, वाचायची जबाबदारी आमची.

आणि लॅबमध्ये वीज कधी जात नसे. इन्व्हर्टर, त्याच्यावर आणखी एक यूपीएस. "बाहेरची घाणेरडी वीज माझ्या कार्डाला लागता कामा नये." नवीन कार्ड तयार झालं की मजल्यांची माहिती भरायची केबल लावून ते टेबलावर चालू करायचं, मग केबल काढून अकरा दिवस अखंड चालू ठेवायचं. मधे कोणी हात लावायचा नाही. अकराव्या दिवशी साहेब स्वतः त्याच्यापुढे उभे राहून म्हणत, "पास." त्यांच्या घरातली समई विझत असेल, इथलं कार्ड नाही.

आता जिच्यामुळे मी हे लिहायला बसलोय, ती बाई.

शुभांगीताई. खाली शॉप फ्लोअरवर सोल्डरिंग आणि तपासणीच्या मुख्य. शहाडहून यायच्या. नवरा मोहन्याच्या कारखान्यातून कधीच घरी बसलेला, मुलगी बारावीला, घर यांच्या पगारावर. सतरा वर्षं कार्डं जोडत होत्या. डोळ्यांना चष्मा लावून त्या रांगेने टाके घालत जायच्या, आणि माझ्या डोळ्यांना शिवणकाम वाटावं इतके ते सारखे असायचे. त्यांच्या टेबलाला इन्व्हर्टर नव्हता. वीज गेली की त्या चष्मा काढून शेंगा सोलत बसायच्या.

त्या वर्षी आमचं नवीन कार्ड आलं. त्यात दोन प्रोसेसर होते: एक लिफ्ट चालवणारा, एक बटणं आणि मजल्याचे आकडे सांभाळणारा. दोघांत मिळून एक मेमरी, लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे ते लक्षात ठेवणारी. त्या मेमरीला दोन दारं, एकेकाचं एकेक. ही दारं म्हणजे बस स्विच नावाच्या चिपा. साहेबांना बस स्विचबद्दल फार तुच्छता. "ती काय चिप आहे? नुसता दरवाजा. उघडला की इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. ना विचार, ना निर्णय." पण काम स्वस्तात होत होतं, म्हणून घेतल्या. एका वेळी एकच दार उघडायचं, एवढा नियम पाळला की झालं.

कार्ड लॅबमध्ये अकरा दिवस चाललं, पास झालं, आणि एका लिफ्ट कंपनीकडे गेलं. तिने ती कार्डं शीळफाट्याजवळच्या नव्या टॉवरांत लावली. आणि महिन्याभरात तक्रारी सुरू. वीज गेली, जनरेटर पण दमला, मग तासा-दोन तासांनी वीज आली, की लिफ्ट ठप्प. एका टॉवरमध्ये आकड्याच्या जागी भलतंच चिन्ह दाखवून ती दोन मजल्यांच्या मधे थांबली. आत एक आजोबा, हातात दुधाच्या पिशव्या. बाहेर काढेपर्यंत दूध नासलं होतं, आणि आजोबांनी जे शब्द वापरले ते लिफ्ट कंपनीने जसेच्या तसे आम्हाला ईमेलने पाठवले.

परत आलेली कार्डं साहेबांनी नेहमीप्रमाणे केबल लावून लॅबमध्ये चालू केली. सगळी व्यवस्थित चालली. अकरा दिवस.

"कार्ड उत्तम आहे," साहेबांनी निकाल दिला. "म्हणजे दोष डिझाइनचा नाही. सोल्डरिंग कच्चं आहे. गरम झालं की टाका सुटतो."

शुभांगीताई तोपर्यंत गप्प बसल्या नव्हत्या. त्यांनी मुलीची एक जुनी वही घेतली होती. त्यांच्या टेबलावर वीज रोज जायची, म्हणून त्यांना दिसलं होतं: दहा मिनिटं बंद राहिलेलं कार्ड नीट चालू होतं. अर्धा तास बंद राहिलं तर कधी होतं, कधी नाही. तासभर बंद राहिलं की हमखास अडकतं. आणि अडकलं की मधली एक चिप बोटाला चटका देते. सगळं वहीत, तारीख-वेळेसकट. ती वही घेऊन त्या लॅबच्या दारापर्यंत गेल्या. चपला काढल्या. मी मागेच होतो, बिलं घेऊन.

"साहेब, दोन मिनिटं बोलायचं होतं."

"तुमचा नंबर कुठला?"

"कसला नंबर?"

"मग प्रोसेसने या. ज्याला नंबर आहे त्याच्यामार्फत." आणि दार लावलं. काचेच्या दारातून आम्हाला दिसत होते ते, पट्टा बांधून कार्डापुढे उभे.

ताईंनी चपला घालता घालता माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला आहे ना हो नंबर?"

"आहे," मी म्हणालो, "पण मी खरेदीचा." आणि बिलं सांभाळत निघून गेलो. आता सांगून टाकतो, मला तेव्हा एक गोष्ट ठाऊक होती. या कार्डाच्या सामानाच्या पहिल्या यादीत दोन रेझिस्टर जास्त होते. किरकोळ भाग, काही पैशांचे. दोन नंबरने आणि तीन नंबरने ते टाकले होते. साहेबांनी ते लाल पेनाने काटले आणि शेजारी लिहिलं, "अनावश्यक." ती यादी माझ्या फाइलला होती. त्या रेझिस्टरांचं काम काय हे मला कळत नव्हतं, पण लाल रेघ मला दिसत होती. आणि मी फाइल बंद करून कपाटात ठेवली, त्या कुलूप नसलेल्या.

मे महिन्यात मोठी मीटिंग ठरली. लिफ्ट कंपनीची इंजिनिअर येणार होती. साहेबांनी पत्र आधीच टाइप करून ठेवलं: दोष सोल्डरिंगचा, संबंधित कर्मचाऱ्याला कमी करण्यात येत आहे, यापुढे जोडणीचं काम बाहेर दिलं जाईल. मालकांची सही तेवढी राहिली होती. ती मीटिंगनंतर. "त्यांनाही बोलवा," मालक म्हणाले, "सतरा वर्षं झाली बाईंना. समोर सांगू या."

साहेबांनी शुभांगीताईंना सात नंबरच्या खुर्चीवर बसवलं.

ताई त्या दिवशी सुती साडी नेसून आल्या होत्या. बहुतेक पाटी वाचून. पदराखाली वही. टेबलावर मधोमध ते कार्ड चालू होतं, त्याच्या छोट्या पडद्यावर मजल्याचा आकडा आज्ञाधारकपणे बदलत होता. लिफ्ट कंपनीची मुलगी मालकांशेजारी, स्टुलावर. पंचविशीची, चेहऱ्यावर घाम, शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवून आलेली.

"आपल्यासमोर अकरा दिवस अखंड चाललेलं कार्ड आहे," साहेबांनी सुरुवात केली. "आता प्रत्येकाचं मत." टॉगल खट खट. एक नंबरचा दिवा लागला, बझर वाजला, "सोल्डरिंगच वाटतं." दोन नंबर, मान खाली घालून, "तपासायला हवं." साहेबांनी दिवा घाईने पुढे नेला. तीन नंबर गाळला. चार नंबर, "सोल्डरिंग." मग माझा दिवा लागला. हिरवा, टवटवीत. मी बटण दाबलं. बझर वाजला.

"बोला, पाच."

ताई माझ्याकडे बघत होत्या.

"खरेदीकडून काही नाही," मी म्हणालो.

सहा नंबर, "सोल्डरिंग." मग सात. साहेबांनी तिन्ही टॉगल वर केले, अगदी न्याय दाखवत. ताईंसमोरचा दिवा लागला. दिवा लागला, कारण तो वेगळ्या तारेवर होता. ताईंनी बटण दाबलं. बझर वाजला नाही. पुन्हा दाबलं. अंगठ्याने जोर देऊन दाबलं.

"सातकडून काही नाही," साहेब म्हणाले आणि पत्र मालकांपुढे सरकवलं.

मालकांनी पेनाचं टोपण काढलं.

आणि शुभांगीताई उठल्या. कोणाला काही कळायच्या आत दाराशेजारच्या पॅनेलकडे गेल्या, मेन स्विच खाली केला, मग इन्व्हर्टरचा, मग खाली वाकून यूपीएसचा. पंखे थांबले. दिवे गेले. टेबलावरचं कार्ड, अकरा दिवसांत पहिल्यांदा, काळं पडलं.

"अहो! काय करताय काय!" साहेबांचा आवाज किंचाळण्याच्या जवळ गेला. "अकरा दिवस चालू होतं ते!"

"म्हणूनच," ताई म्हणाल्या. "मालक, एक तास थांबा. एक तास हे असंच बंद राहू दे. मग चालू करा. ते नीट चालू झालं तर तुमच्या पत्रावर तुमच्याआधी मी सही करते."

"मॅडम, एक तास कशाला?" स्टुलावरची मुलगी एकदम सावध झाली. "आमच्याकडे पण सेम होतंय, लाइट लवकर आली तर काही होत नाही..."

"वहीत आहे बघा."

धूळ नको म्हणून त्या लॅबला खिडकी नव्हती. मे महिना. दार उघडलं तर बाहेरून एमआयडीसीचा तो नेहमीचा आंबूस वास आत आला आणि तोही उकाड्याने बसून राहिला. आणि त्या अंधुक उजेडात हळूहळू एक विलक्षण गोष्ट घडायला लागली. माणसं बोलू लागली. दिवा नाही, बझर नाही, सगळी एकदम. तीन नंबरने कार्डाचं ड्रॉइंग मालकांच्या मांडीवर पसरलं. "सर, हे दार बघा. ह्या पिनेवर वीज असली की दार बंद, नसली की उघडं. प्रोसेसर जागा झाला की तो पिन धरून ठेवतो. पण तो जागा व्हायच्या आधी कोण धरणार? आम्ही त्यासाठीच रेझिस्टर टाकलेले, पिन वर ओढून धरायला. थोडा वेळ लाइट गेली तर पिनेवर जुनी वीज जरा उरलेली असते, चालून जातं. तास झाला की काहीच उरत नाही. मग दोन्ही दारं एकदम उघडी, दोघं एका तारेवर बोलतात, चिप तापते आणि सगळं अडकतं. पहिल्यांदा चालू करताना, लॅबमध्ये काय नि टॉवरवर काय, केबल लावलेली असते, ती पिन धरते, म्हणून तेव्हा कळत नाही."

"टाकले होते? मग गेले कुठे?" मालक.

साहेब टॉगल खालीवर करत होते. खट, खट. सवयीने. कुठलाच दिवा लागत नव्हता. "एका वेळी एक," ते म्हणत होते, "एका वेळी एक."

अंधारात शूर होणं फार सोपं असतं. मी म्हणालो, "यादीत होते. लाल पेनाने काटलेत. फाइल माझ्याकडे आहे."

कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. ताई माझ्याकडे वळल्या. "मग मगाशी दिवा लागला होता तेव्हा काय झालं होतं तुम्हाला?"

मला आजवर अनेकांनी अनेक गोष्टी सुनावल्या आहेत. त्या मी रंगवून सांगतो, लोक हसतात. ही मी पहिल्यांदाच लिहितोय.

साहेबांचं म्हणणं मात्र एकच होतं. "मी सर्किट शुद्ध ठेवतो. जो भाग रोज काम करत नाही, तो भाग माझ्या कार्डात नको. कुणाला तरी सारखं वर ओढून धरायचं, हे काय डिझाइन आहे?"

तास झाला. ताईंनी घड्याळ मालकांना दाखवलं आणि तिन्ही स्विच पुन्हा चालू केले. पंखे फिरले, बझरच्या पेटीने उगाच एक आचका दिला. कार्डाच्या पडद्यावर एक तुटकी रेघ आली, तिचा अर्धा चौकोन झाला, आणि तो तसाच राहिला. लिफ्ट कंपनीच्या मुलीने ताईंनी दाखवलेल्या चिपवर बोट ठेवलं.

"आई गं!" तिने बोट तोंडात घातलं. मग साहेबांकडे बघून म्हणाली, "सर, त्या आजोबांनी शिव्या मला घातलेल्या. पर्सनली."

ताईंनी कार्ड बंद केलं आणि पर्समधून कागदाची पुडी काढली. दोन रेझिस्टर; कार्डावर त्यांच्या छापील जागा रिकाम्या आहेत, हे रोज कार्डं जोडणाऱ्या बाईला दिसलेलंच होतं. तिथेच, साहेबांच्या टेबलावर, साहेबांच्या सोल्डरिंग गनने दोन टाके घातले. पट्टा न बांधता. साहेबांचा हात नकळत स्वतःच्या पट्ट्याकडे गेला. मग कार्ड तसंच बंद ठेवलं. मालक म्हणाले, "आता कळलं ना, पुन्हा तास कशाला?" पण ती मुलगी हट्टाला पेटली, "नाही सर, पूर्ण तास." चहा मागवला. साहेबांनी घेतला नाही. दुसऱ्या तासाने कार्ड चालू केलं आणि पडद्यावर स्वच्छ, गोल शून्य आलं, तळमजला. मग एक. मग दोन.

खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. आणि तेवढ्यात साहेब उभे राहिले, शर्ट खालून ओढला, आणि लिफ्ट कंपनीच्या मुलीला म्हणाले, "मी हेच म्हणत होतो."

शप्पथ सांगतो, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. इतकी वर्षं मी साहेबांना ढोंगी समजत होतो. पण त्यांचा चेहरा बघितला, तर त्यावर ढोंग नव्हतंच. त्यांना खरोखर वाटत होतं की ते हेच म्हणत होते. आत जे आलं ते बाहेर गेलं. मधे काही उरत नसे त्यांच्यात, लाजसुद्धा.

मालकांनी पत्र फाडलं. "बाई, उद्यापासून नेहमीसारख्या या."

ताई उठल्या नाहीत. "नवीन लिहून द्या."

"अहो, फाडलं की आता. कशाला?"

"महिनाभर अख्ख्या कारखान्यात माझं नाव घेतलंय. तोंडी. आता कागदावर घ्या. साहेबांच्या अक्षरात."

साहेबांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी पंख्याकडे पाहिलं. शेवटी साहेबांनी कागद ओढला आणि लिहिलं: सोल्डरिंगमध्ये दोष नव्हता. सही केली, नेहमीची, वळणदार.

ताईंनी वाचलं. "मग दोष कशात होता?"

"त्याची काय गरज आहे?"

"कशात होता, साहेब?"

त्यांनी लिहिलं: दोष डिझाइनमध्ये होता.

"कोणाच्या?"

पेन थांबलं. मी त्यांना ओळखतो, ते मनातल्या मनात शून्यापासून सहापर्यंत फिरून आले. एकेका खुर्चीवर नजर गेली. तीन नंबर छातीवर हाताची घडी घालून बसला होता, आणि लाल रेघ मारलेली फाइल मी तोवर आणून मालकांपुढे उघडून ठेवली होती. मग त्यांनी 'डिझाइनमध्ये'च्या आधी, वरच्या मोकळ्या जागेत, बारीक अक्षरात घुसवलं: माझ्या.

ताईंनी तो कागद दोनदा वाचला. शाई वाळू दिली. मग तो माझ्यापुढे धरला.

"पाच नंबर, खाली जाऊन झेरॉक्स काढून आणा. दोन."

"दोन कशाला, ताई?" मी विचारलं. "मालकांकडे एक गेली की झालं ना?"

"एक फायलीला, दुसरी घरी लागेल." त्या वही पर्समध्ये ठेवत होत्या, मान खाली. "घरी पण मीटिंग झाली होती माझ्यावर. तिथे सगळे म्हणाले, एवढे शिकलेले साहेब उगाच बोलतील का, तूच चुकली असशील."

मी जिन्याने धावतच खाली गेलो.